हळदीचे भाऊबंद
घरातलं रसायन : भाग 9

धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदऱ्या कोरलेल्या आहेत. बीड जिल्ह्यातल्या परळी-अंबाजोगाईच्या पट्ट्यातलं हे चालुक्यकालीन मंदिर. कारागिराच्या छिन्नीनं दागिने काढले, अंबाडे काढले, पण दगडाला रंग देता येत नाही. त्या काळच्या बाया कपाळाला काय लावत आणि अंगाला काय चोळत, ते शिल्प पाहून कळत नाही. थोडंफार कळतं ते त्याच घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराकडून. 1126 ते 1138 अशी कारकीर्द असलेल्या या राजानं ‘मानसोल्लास’मध्ये राजाच्या उपभोगांची यादी करताना स्नानाला आणि विलेपनाला वेगवेगळी जागा दिली आहे. अर्थात ती राजाची चैन. चार घरची गोष्ट करायची तर हळदीकडेच यावं लागतं, आणि रसायनाच्या दृष्टीनं हळद राजाच्या विलेपनातल्या कस्तुरीपेक्षा कितीतरी रंजक आहे.

मागच्या भागात साबण झाला, तिथूनच पुढे जाऊ. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलं आणि डागाला साबण लावला की पिवळा डाग लालभडक होतो. घाबरून आणखी घासायचं कारण नाही. हळदीचा रंग म्हणजे कर्क्युमिन. साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं. त्यात कर्क्युमिनच्या रेणूतला हायड्रोजन सुटतो, रेणू प्रकाशाचा वेगळा पट्टा शोषू लागतो आणि आपल्याला लाल दिसतो. वर लिंबू पिळा, परत पिवळा. म्हणजे हळदीत नुसता चुना कालवून केलेलं कुंकू तसं कच्चंच. जुन्या पद्धतीत हळकुंडं लिंबाच्या रसात भिजवताना टाकणखार घालतात, खरी मेख तिथे आहे. टाकणखारातलं बोरॉन आम्लाच्या संगतीनं कर्क्युमिनला धरून बसतं आणि तो लाल लिंबानं उतरत नाही. बोरॉन ओळखायला प्रयोगशाळेत हळदीचा कागद वापरतात, तो याच गुणामुळे.

आता सदरा उन्हात वाळत घाला. संध्याकाळपर्यंत डाग फिका पडलेला असतो, कारण कर्क्युमिन उन्हात तुटतं. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कर्क्युमिनचा रेणू लांबट असतो. दोन टोकांना दोन कडी, त्यांच्यापासून मध्यापर्यंत एकाआड एक दुहेरी बंध, आणि मधोमध ऑक्सिजनच्या दोन अणूंची जोडी. आता हाच रेणू मधून कापला असं समजा. जो अर्धा तुकडा हाती येईल त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे मेथॉक्सिसिनामेट. सनस्क्रीनच्या कित्येक ट्यूबांवर ऑक्टिल मेथॉक्सिसिनामेट हे नाव छापलेलं असतं. आणि मधली ऑक्सिजनची जोडी जशीच्या तशी सापडते अ‍ॅव्होबेन्झोनमध्ये. ट्यूबवरचं हे दुसरं नेहमीचं नाव.

दुहेरी बंधांची साखळी जितकी लांब, तितकी तरंगलांबीही लांबची शोषली जाते. अर्धा तुकडा सुमारे 310 नॅनोमीटरचे किरण पकडतो. कातडी भाजणारे यूव्हीबी ते हेच. अ‍ॅव्होबेन्झोन 357 च्या आसपास पकडतं, म्हणजे खोल शिरून सुरकुत्या आणणारे यूव्हीए. आपल्या डोळ्यांना यातलं काहीच दिसत नसल्यानं ही मलमं बिनरंगी वाटतात. अख्खं कर्क्युमिन 425 च्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश खातं, तो डोळ्यांना दिसणारा, म्हणून हळद पिवळी. रंग आणि ऊन-रोधक हे एकाच कुळातले. एकाचं काम दिसतं, दुसऱ्याचं दिसत नाही एवढाच फरक.

मग हळदीचा लेप लावून उन्हात जावं का? मुळीच नाही. तिचा जोर चुकीच्या पट्ट्यात आहे, आणि वाळत घातलेल्या सदऱ्यानं दाखवलं तसं ती स्वतःच उन्हात टिकत नाही. हा दुबळेपणा अ‍ॅव्होबेन्झोनमध्येही आहे. म्हणून त्याच्या जोडीला ऑक्टोक्रिलीनसारखा आधार द्यावा लागतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर धुतल्यावर सदऱ्याच्या कॉलरला नारिंगी डाग पडतात, तेही अ‍ॅव्होबेन्झोनचेच: लोहाशी जुळलं की ते रंगीत होतं. असे डाग बायका डिटर्जंटच्या माथी मारतात.

या सगळ्या मंडळींपेक्षा माझा कल झिंक ऑक्साइडकडे आहे. ते किरण आरशासारखे परतवतं असं जाहिराती सांगतात, पण ते परतवतं थोडंच. बहुतेक अतिनील किरण ते शोषूनच घेतं, इतरांसारखंच. मात्र दिसणारा प्रकाशही विखुरत असल्यानं सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं. त्यावर तोड म्हणून त्यात आयर्न ऑक्साइड मिसळतात, म्हणजे आपल्या अंगणात सारवणाच्या कडेला ओढायचा गेरूच. औषधाच्या दुकानातलं गुलाबी कॅलामाईन लोशन म्हणजे झिंक ऑक्साइड आणि चिमूटभर आयर्न ऑक्साइड. हे चिमूटभर केवळ शोभेचं नाही. गालावरचा वांग अतिनील किरणांइतकाच दिसणाऱ्या निळ्या प्रकाशानंही गडद होतो, आणि तो प्रकाश बिनरंगी मलम अडवत नाही, आयर्न ऑक्साइड अडवतं. ज्यांना वांग आहे त्यांनी रंगीत सनस्क्रीनच घ्यावं.

कपाळाबद्दल दोन गोष्टी. मारुतीचा शेंदूर हे शिशाचं ऑक्साइड. तो देवापुरता ठेवावा, लेकरांच्या कपाळाला लावू नये. आणि टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला तर त्याला कोड समजून घरभर रडारड करण्याआधी टिकली बंद करावी. चिकट थरातलं पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल रंग बनवणाऱ्या पेशी मारतं. त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. पुष्कळदा रंग परत येतो, दर वेळी येतोच असं नाही.

आता पैशाचं गणित, कारण बीड जिल्ह्यात बसून ते टाळता येत नाही. ट्यूबवरचा एसपीएफ आकडा चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावून काढलेला असतो. एसपीएफ 30 सुमारे 97 टक्के यूव्हीबी अडवतं, 50 सुमारे 98 टक्के. एका टक्क्यासाठी जास्त पैसे मोजायचे की नाही ते तुम्ही ठरवा. यूव्हीएसाठी पीएपुढची अधिकची चिन्हं मोजा. चेहरा आणि मान मिळून साधारण 600 चौरस सेंटिमीटर धरले तर एका वेळेला सव्वा ग्रॅम लागतं. घामात दर दोन तासांनी परत लावायचं म्हटलं तर आठ तासांच्या कामाला पाच ग्रॅम. 50 ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपली!

दिवाळीच्या सुमारास इथून ऊसतोडीला निघणाऱ्या कोयत्यातली, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीतली, बाई हे गणित न मांडता सोडवते. लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, डोक्याला फडकं बांधते. दाट विणीचं कोरडं कापड मलमाइतकंच, कित्येकदा जास्त ऊन अडवतं. घामानं वाहून जात नाही, दोन तासांनी परत लावावं लागत नाही. पाचटाचे काप लागत नाहीत हा वरचा फायदा. विरलेलं किंवा ओलं पांढरं कापड मात्र फसवतं. उजेडाकडे धरून पलीकडचं दिसलं तर ते बाद समजावं. ट्यूब घेतलीच, तर ती कापडाबाहेर राहणाऱ्या नाक, गाल आणि ओठांवरच्या पट्टीसाठी पुरवावी.

पुढच्या आठवड्यात मेंदी आणि काळा कलप.