सावंतवाडीचा कारभार : परकीय हस्तक्षेप आणि स्थिर शासनाचा प्रश्न

अंतर्गत कलहाने मोडकळीस आलेल्या प्रदेशात बाहेरील सत्तेने सुरक्षितता व सुव्यवस्था निर्माण करणे हा आजच्या आंतरराष्ट्रीय राजकारणातील एक प्रमुख प्रश्न होय. त्याचे एक उद्‌बोधक उदाहरण आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, भूतपूर्व सावंतवाडी संस्थानात आढळते.

अठराव्या शतकात मालवण–वेंगुर्ले किनाऱ्यावर कोल्हापूरकर, सावंत, पोर्तुगीज व इंग्रज यांचे हितसंबंध परस्परांत गुंतलेले होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग किल्ला घेतला व पुढील वर्षी कोल्हापूरकरांस परत केला. १८१२ मध्ये मालवण कोल्हापूरकडून, तर वेंगुर्ले सावंतवाडीकडून इंग्रजांकडे आले. समुद्रावरील लुटालूट थांबवून व्यापारास अभय देणे हा त्यामागील मुख्य हेतू होता. १८१९ मध्ये निवती व रेडी हे किल्ले घेतल्यावर सावंतवाडीस इंग्रजांचे वर्चस्व मान्य करावे लागले.

तथापि किनारा सुरक्षित झाला म्हणून अंतर्भाग स्वस्थ झाला नाही. चौथ्या खेम सावंतांच्या कारकीर्दीत बंडाळ्या वारंवार उद्‌भवल्या. अखेर १८३८ मध्ये संस्थानाचा कारभार इंग्रजांनी हाती घेतला. त्यानंतरही १८३९ व १८४४ मध्ये उठाव झाले. यांपैकी दुसऱ्याचे मूळ कोल्हापूर संस्थानात होते. तेथे इंग्रजांच्या पाठिंब्याने सुरू झालेल्या नव्या व्यवस्थेत गडकऱ्यांचे परंपरागत हक्क धोक्यात आले. सामानगड व भुदरगड येथून पसरलेली ही आग सावंतवाडीत मनोहरगडापर्यंत पोहोचली. फोंड सावंत तांबुळकर यांनी येथील उठावाचे नेतृत्व केले. औट्रमच्या सैन्याने १८४५ च्या आरंभी गड घेतल्यावर बंडवाल्यांनी गोव्याच्या हद्दीत आश्रय घेतला. शेजारच्या प्रदेशात बंडास थारा मिळत असता केवळ आतील बंदोबस्त अपुरा पडतो, हे यावरून स्पष्ट होते. त्याचप्रमाणे, ज्यांच्या उपजीविकेवर सुधारणेचा घाला पडतो त्यांना नव्या व्यवस्थेत स्थान नसेल, तर सुधारणाच अशांततेचे कारण बनते.

पुढे संस्थानात शांतता नांदली, हे नाकारता येत नाही. १८६९ मध्ये आंबोलीच्या घाटातून रस्ता झाला व किनाऱ्याचे देशाशी दळणवळण सुकर झाले. परंतु कारभार परत कधी द्यावयाचा, याचा निर्णय प्रत्यक्षात तो ज्यांच्या हाती होता त्यांच्याकडेच राहिला. १८६७ मध्ये खेम सावंत वारले. त्यानंतरच्या पिढ्यांतही वस्तुस्थिती फारशी पालटली नाही. पाचवे खेम सावंत तथा बापूसाहेब महाराज यांना राज्याचे अधिकार मिळण्यास १९२४ साल उजाडावे लागले. म्हणजे अव्यवस्थेवरील उपाय म्हणून सुरू झालेला बंदोबस्त शहाऐंशी वर्षांनी संपला.

साम्राज्यसत्तेचा हस्तक्षेप आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे कार्य यांत मूलभूत भेद आहे. पहिला स्वहितासाठी होता, तर दुसऱ्यास राष्ट्रसमूहाची संमती असते. परंतु हस्तांतरणाची अडचण दोहोंनाही समान आहे. कोसोव्होविषयीच्या १९९९ च्या ठरावात प्रशासन प्रथम बारा महिन्यांसाठी होते, पण सुरक्षा परिषदेने अन्यथा ठरवीपर्यंत ते चालू राहावयाचे होते. उलट पूर्व तिमोरमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेले संक्रमणकालीन प्रशासन २० मे २००२ रोजी स्वातंत्र्याने संपले. मात्र २००६ मध्ये तेथे पुन्हा दंगे उसळले व परकीय सैन्यास पाचारण करावे लागले. यास्तव मुदत लांबविणे जसे घातक, तसे स्थानिक संस्था दृढ होण्यापूर्वी निघून जाणेही धोक्याचे.

सारांश, शस्त्रबळाने बंड मोडता येते, रस्ते बांधता येतात, वसुली नियमित करता येते. परंतु राज्य चालविण्याची जबाबदारी अंगावर पडल्याखेरीज ते चालविण्याची पात्रता येत नाही. म्हणून अशा कार्याचे मूल्यमापन शांततेच्या वर्षांवरून न करता, कारभार कोणाच्या हाती, कोणत्या अटींवर व केव्हा सोपविला गेला, यावरून करणे युक्त ठरेल. सावंतवाडीच्या इतिहासाचा या दृष्टीने अभ्यास होणे अगत्याचे आहे.