सिरार्पी देर नेर्सेसियान : आर्मेनियन कलेच्या साक्षेपी अभ्यासक

प्रास्ताविक

युरोपीय कलेतिहासाच्या मांडणीत पूर्वेकडील ख्रिस्ती समाजांची कला दीर्घकाळ परिशिष्टापुरतीच राहिली. बायझंटाईन साम्राज्याच्या कलेला विसाव्या शतकाच्या आरंभी विद्यापीठीय मान्यता लाभली. परंतु त्या साम्राज्याच्या सीमेवर वसलेल्या आर्मेनियाच्या कलेकडे एक तर स्थानिक अनुकरण म्हणून पाहिले जाई किंवा तिला सर्व युरोपीय कलेचे उगमस्थान ठरविण्याचा अतिरेक होई. या दोन्ही टोकांपासून दूर राहून तिची शास्त्रशुद्ध मांडणी करणाऱ्या अभ्यासकांत सिरार्पी देर नेर्सेसियान (१८९६-१९८९) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. प्रस्तुत लेखात त्यांचे जीवन व संशोधनकार्य यांचा परिचय करून दिला आहे.

जडणघडण

देर नेर्सेसियान यांचा जन्म १८९६ मध्ये ऑटोमन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपल येथे, एका सुस्थित आर्मेनियन कुटुंबात झाला. त्यांचे मामा मघाकिया ओर्मानियान हे १८९६ ते १९०८ या काळात तेथील आर्मेनियन धर्मपीठाचे प्रमुख होते आणि आर्मेनियन चर्चचे इतिहासकार म्हणूनही त्यांची ख्याती होती. आईवडिलांचे छत्र मात्र त्यांना लवकर अंतरले. १९१५ मध्ये ऑटोमन राजवटीत आर्मेनियन समाजाचा वंशसंहार सुरू झाला. त्याच वर्षी सिरार्पी आणि त्यांची मोठी बहीण अराक्स यांनी शहर सोडले व बल्गेरियामार्गे त्या जिनिव्हास पोहोचल्या. तेथील विद्यापीठात काही काळ शिक्षण घेऊन १९१९ मध्ये दोघी पॅरिसला आल्या.

पॅरिसमध्ये शार्ल दिएल, गाब्रिएल मिये आणि आंरी फोसियाँ असे गुरू त्यांना लाभले. दिएल हे बायझंटाईन इतिहासाचे, तर मिये हे प्रतिमाविद्येचे जाणकार होते. १९२२ पासून त्यांनी मिये यांच्या साहाय्यक म्हणून काम केले. एखादा प्रसंग शतकानुशतके निरनिराळ्या हस्तलिखितांत कसा रंगविला गेला, त्यातील कोणता तपशील कोठून आला, कोणता गळला, याचा धीराने माग काढण्याची मिये यांची पद्धती त्यांनी आत्मसात केली. पुढील सहा दशकांचे त्यांचे सर्व लेखन याच पायावर उभे आहे.

बार्लाम व योसाफात : भारताशी जोडलेला धागा

फ्रेंच पद्धतीनुसार डॉक्टरेटसाठी त्यांनी दोन प्रबंध सिद्ध केले. एकाचा विषय होता व्हेनिसजवळील सान लाझारो बेटावरील मखिथारिस्त मठातील बारावे ते चौदावे शतक या काळातील आर्मेनियन सचित्र हस्तलिखिते, तर दुसऱ्याचा बार्लाम व योसाफात या कथेची चित्रे. दोन्ही ग्रंथ १९३७ पर्यंत प्रसिद्ध झाले. भारतीय वाचकाच्या दृष्टीने दुसरा विषय विशेष लक्षणीय आहे.

योसाफात हा कथेतील एक भारतीय राजपुत्र. मुलगा धर्ममार्गाला लागेल या भाकिताच्या भयाने राजा त्याला दुःखाच्या दर्शनापासून दूर ठेवतो. पण रोग, वार्धक्य व मृत्यू यांचे ज्ञान त्याला होतेच आणि बार्लाम नावाच्या तपस्व्याच्या उपदेशाने तो राज्यत्याग करतो. ही कथा म्हणजे गौतम बुद्धाच्या चरित्राचे ख्रिस्ती रूपांतर होय, हे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाले होते. 'बोधिसत्त्व' हा शब्द अरबीत 'बूदासाफ' झाला. अरबी लिपीत एका नुक्त्याच्या फरकाने 'ब'चा 'य' होतो, म्हणून पुढे 'यूदासाफ', जॉर्जियन भाषेत 'योदासाफ', ग्रीकमध्ये 'योआसाफ' आणि अखेर लॅटिनमध्ये 'योसाफात' अशी त्याची रूपे झाली. रोमन चर्चने या नावाला संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर हा दिवसही दिला. ज्याने वेदप्रामाण्य नाकारले, त्याची अशा प्रकारे ख्रिस्ती संतमालिकेत स्थापना व्हावी, ही विचारेतिहासातील एक मौजच म्हणावी लागेल.

देर नेर्सेसियान यांचा प्रश्न मात्र शब्दांच्या प्रवासाचा नव्हता, चित्रांचा होता. कथा भारतातून आली. मग चित्रेही आली का? ग्रीक हस्तलिखितांतील चित्रमालिकांची बारकाईने तुलना केल्यावर दिसते ते असे, की बायझंटाईन चित्रकारांनी या कथेसाठी स्वतःच्याच परंपरेतील बायबलविषयक व संतचरित्रात्मक चित्रांचे साचे वापरले. राजपुत्राचा रथ, राजाचा दरबार, गुहेतील तपस्वी हे सारे कॉन्स्टँटिनोपलच्या दृष्टीने रंगविलेले आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर जे चरित्र साकारले, तेच येथे पूर्णतः निराळ्या वेशात दिसते. कथेचा प्रवास आणि प्रतिमेचा प्रवास या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे तारतम्य त्यांच्या अभ्यासातून स्पष्ट होते आणि तेच त्याचे मोल आहे.

या कथेतील एक दृष्टान्त तर आपल्या परिचयाचा आहे. एकशिंगी प्राण्यापासून पळणारा मनुष्य खोल गर्तेवरील झाडाला लोंबकळतो. पांढरा व काळा असे दोन उंदीर मूळ कुरतडत असतात, खाली अजगर वाट पाहत असतो आणि तो मनुष्य मात्र मधाचे थेंब चाटण्यात गुंग असतो. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला हाच दृष्टान्त सांगतो; तेथे एकशिंग्याच्या जागी हत्ती आहे. १०६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या स्तुदिओस मठात तयार झालेल्या स्तोत्रग्रंथाच्या समासात हे चित्र आढळते. लंडनमधील या स्तोत्रग्रंथाच्या चित्रांवर देर नेर्सेसियान यांनी १९७० मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

अमेरिकेतील कार्य

१९३० मध्ये त्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेलस्ली या महिला महाविद्यालयात अध्यापनासाठी गेल्या. तेथे त्या प्राध्यापक, कलाविभागाच्या प्रमुख आणि महाविद्यालयाच्या कलासंग्रहालयाच्या संचालक झाल्या. अध्यापन, प्रशासन आणि संशोधन ही तिन्ही कामे त्यांनी एकाच वेळी सांभाळली. पदव्युत्तर संशोधनकेंद्राची कोणतीही सोय नसलेल्या ठिकाणी राहून हे घडले, हे नमूद केले पाहिजे. १९४६ मध्ये वॉशिंग्टन येथील हार्वर्ड विद्यापीठाच्या डम्बार्टन ओक्स या बायझंटाईन संशोधनकेंद्रात त्यांची नियुक्ती झाली. १९६३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या तेथे प्राध्यापक होत्या. पुरुषांचेच वर्चस्व असलेल्या त्या विद्वत्सभेत हे स्थान त्यांनी केवळ विद्वत्तेच्या बळावर मिळविले.

लेखनाचे स्वरूप

ऑस्ट्रियन अभ्यासक योझेफ स्ट्रझिगोव्हस्की यांनी १९१८ मध्ये आर्मेनियन वास्तुकलेवर मोठा ग्रंथ लिहून तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले. पण वंशवादी कल्पनांच्या आहारी जाऊन त्यांनी युरोपीय वास्तुकलेचे मूळच तेथे शोधले. निर्वासित आर्मेनियन विदुषीला हा सिद्धान्त उचलून धरण्याचा मोह सहज झाला असता. 'आर्मेनिया अँड द बायझंटाईन एम्पायर' (१९४५) या ग्रंथात देर नेर्सेसियान यांनी तसे केले नाही. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली, असे त्या पुरावे मांडून दाखवतात. हा संयम त्यांच्या लेखनाचा सर्वांत मोठा गुण होय. त्यापायी त्यांचे गद्य क्वचित रुक्ष वाटते, हेही खरे.

हस्तलिखितांच्या सूची हा त्यांच्या कार्याचा कणा आहे. डब्लिनचा चेस्टर बीटी संग्रह (१९५८), वॉशिंग्टनची फ्रीअर गॅलरी (१९६३) आणि बाल्टिमोरची वॉल्टर्स गॅलरी (१९७३) येथील आर्मेनियन पोथ्यांच्या सूची त्यांनी केल्या. आर्मेनियन पोथीच्या अखेरीस 'हिशाताकरान' नावाची नोंद असते. लेखक, चित्रकार, यजमान, स्थळ, वर्ष, तत्कालीन आक्रमणे असे बरेच काही तीत येते. आपल्याकडील पोथ्यांच्या पुष्पिकेसारखाच हा प्रकार, पण कितीतरी विस्तृत. अशा नोंदींमुळे चित्रांचा काळ आणि चित्रकारांची नावे निश्चित होतात. बाल्टिमोर येथील १२६२ ची गॉस्पेल पोथी ह्रोमक्ला येथे थोरोस रोसलिन या चित्रकाराने धर्मपीठप्रमुख कॉन्स्टंटाईन यांच्या पुतण्यासाठी रंगविली, हे अशाच नोंदीवरून कळते. ज्या समाजाची गावे आणि मठ उद्ध्वस्त झाले, त्याच्या पोथ्या डब्लिनपासून वॉशिंग्टनपर्यंत विखुरल्या होत्या. सूचीकाराचे नीरस वाटणारे काम येथे इतिहासाच्या पुनर्बांधणीचे काम ठरते.

व्हान सरोवरातील अख्तामार बेटावर राजा गागिक याने ९१५ ते ९२१ या काळात बांधविलेल्या चर्चवर त्यांनी १९६५ मध्ये ग्रंथ लिहिला. बाह्य भिंतींवरील शिल्पपट्टांचे त्यांनी केलेले विवरण आजही अभ्यासकांना आधारभूत वाटते. कोणे एके काळी उपेक्षित असलेले हे चर्च दुरुस्तीनंतर २००७ मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले. जन्मगावातील कारिये चर्चच्या भित्तिचित्रांच्या विषययोजनेवरही त्यांनी विस्तृत प्रबंध लिहिला. ती वास्तू २०२४ मध्ये मशीद म्हणून पुन्हा उपयोगात आणली गेली.

अखेरचा काळ

निवृत्तीनंतर दोघी बहिणी पॅरिसला परतल्या. १९६० मध्ये आर्मेनियन चर्चचे प्रमुख वाझगेन प्रथम यांनी सिरार्पी यांना संत ग्रेगरी पदक दिले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. १९७० मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजचे सुवर्णपदक त्यांना लाभले. १९८९ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. सिलिशियाच्या आर्मेनियन राज्यातील लघुचित्रांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ तेव्हा अप्रकाशित होता. सिल्व्हिया अगेमियान यांच्या सहकार्याने तो पूर्ण होऊन १९९३ मध्ये डम्बार्टन ओक्सतर्फे दोन खंडांत प्रसिद्ध झाला.