नाल्याचे पाणी, सूक्ष्मजीव आणि आपली शेती

उन्हाळ्यात विहिरी आटतात, पण शहराचा नाला आटत नाही. म्हणूनच शहराच्या कडेला नाल्यावर मोटार बसवून मेथी, पालक, कोथिंबीर पिकविली जाते. या पाण्यात नत्र व स्फुरद असल्याने पीक जोमदार येते, हे खरे. परंतु त्यातच पटकी व विषमज्वराचे जंतू आणि जंतांची अंडी असतात. घाण पाण्याने भिजलेल्या मातीत वाढणाऱ्या अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी दारे धरणाऱ्या मजुराच्या तळपायातून शरीरात शिरतात. भाजी खाणाऱ्याच्या आधी धोका त्याला असतो.

हे पाणी सुधारण्याचे काम सूक्ष्मजीव करतात. सांडपाण्यातील मळ हे त्यांचे अन्न होय. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून जिवाणू वाढविले व तोच जिवंत गाळ पुन्हा पुन्हा वापरला. ही पद्धत आजही जगभर चालते, पण तिला अखंड वीज लागते. आपल्याकडील विजेची अवस्था वाचकांना सांगायला नकोच!

परभणीसारख्या उष्ण जिल्ह्याला तळ्यांची पद्धत अधिक सोयीची, असे आम्हांस वाटते. पहिल्या खोल तळ्यात गाळ बसतो व हवेशिवाय जगणारे जिवाणू तो कुजवितात. पुढच्या उथळ तळ्यांत शेवाळ उन्हाच्या बळावर प्राणवायू सोडते, त्यावर दुसरे जिवाणू उरलेला मळ खातात. ऊन जितके अधिक, तितके काम वेगात. पाणी आठ-दहा दिवस थांबले की जंतांची अंडी तळाशी बसतात. जागा मात्र पुष्कळ लागते. जागा कमी असेल तेथे नागपूरच्या 'नीरी' संस्थेची फायटोरिड पद्धत आहे. तीत खडीत लावलेल्या कर्दळ, रामबाण अशा वनस्पतींच्या मुळांवरील सूक्ष्मजीव हेच काम करतात.

विद्यार्थी मित्रांनो, पाणी नितळ दिसले म्हणजे निर्धोक झाले, असे नव्हे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली मर्यादा सुचविली होती : १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतील जिवाणू १००० पेक्षा अधिक नकोत आणि एक लिटरमध्ये जंताचे अंडे एकापेक्षा अधिक नको. हे डोळ्यांना कळत नाही, प्रयोगशाळेतच कळते.

शिवाय सूक्ष्मजीव मीठ खात नाहीत. पाण्यात सोडियम जास्त असेल तर आपली काळी जमीन चोपण होते. कारखान्यातील शिसे, क्रोमियम यांसारखे धातूही ते नाहीसे करू शकत नाहीत. ते गाळात साठतात. म्हणून कारखान्याचे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळण्याआधीच वेगळे काढावे लागते. आणि अशी सोय होईपर्यंत नाल्याच्या पाण्यावर पालेभाजीऐवजी कापूस किंवा चाऱ्याची झाडे घ्यावीत व दारे धरणाऱ्याला गमबूट द्यावेत.