‘भरण’ आणि ‘रोपण’ : त्वचेच्या पुनर्यौवनाची परिभाषा

दिंडोशीला लागून असलेली दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ मध्ये स्थापन झाली. मात्र मुखसौंदर्याचे उपचार आता नटनटींपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. ‘फिलर’ व ‘फॅट ट्रान्स्फर’ ही त्यांतील दोन नावे मराठीत जशीच्या तशी रूढ होत आहेत. दोन्हींत सुईवाटे चेहऱ्यात काही घातले जात असल्याने सामान्य माणूस त्यांना एकच समजतो. वस्तुतः त्यांत मूलगामी भेद आहे आणि तो मराठी धातूंनी नेमका व्यक्त होतो.

पहिली क्रिया ‘भरण’ होय. तीत बहुधा हायल्युरॉनिक आम्लाचा जेल वापरतात. हे द्रव्य कार्ल मेयर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गुरांच्या नेत्रातील काचसदृश द्रवातून वेगळे केले. त्याच्या नावाचा पूर्वार्ध काचवाचक ग्रीक शब्दावरून आला आहे. ते पाणी धरून ठेवते, त्यामुळे खोलगट भाग उचलला जातो. शरीर त्याचे हळूहळू विघटन करीत असल्याने परिणाम तात्पुरता असतो.

दुसरी क्रिया ‘रोपण’ होय. जर्मन शल्यविशारद गुस्ताव्ह नॉयबर यांनी १८९३ मध्ये बाहूतील मेद चेहऱ्यात बसविला. आज पोट वा मांडीतील मेद शोषून, शुद्ध करून, सूक्ष्म अंशांनी घालतात. भाताचे रोप उपटून खाचरात लावावे आणि त्याने मूळ धरावे, तसा हा प्रकार आहे. नव्या केशवाहिन्या पोहोचतील तेवढ्याच पेशी जगतात. उरलेला अंश शोषला जातो. १७९४ मध्ये लंडनच्या नियतकालिकात वर्णिलेल्या पुण्याकडील नासासंधानात कपाळाची त्वचा देठासह वळविली होती, म्हणून तिचा रक्तपुरवठा तुटला नव्हता. मेदाला असा देठ नसतो. ‘ट्रान्स्फर’ म्हणजे नुसते स्थलांतर. जगण्या-न जगण्याची अनिश्चितता ‘रोपण’ या शब्दातच सूचित होते.

‘चरबी’ हा शब्द फारसीतून आलेला व व्यवहारात काहीसा हीन मानला गेलेला. ‘मेद’ हा आयुर्वेदातील सप्तधातूंपैकी एक. म्हणून ‘स्वमेदरोपण’ ही संज्ञा योग्य ठरते. ‘कायाकल्प’ मात्र टाळावा. तो साऱ्या देहाच्या नवतेचे आश्वासन देतो आणि ते कोणतीही सुई पाळू शकत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. घातलेले द्रव्य रोहिणीत शिरल्यास त्वचा मृत होते, क्वचित कायमचे अंधत्व येते. हायल्युरॉनिक भरण हायल्युरोनिडेज या विकराने विरघळविता येते, तथापि गेलेली दृष्टी त्याने परत येईलच असे नाही. मेदावर तर तो उपायच नाही. उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय समजल्यावाचून दिलेली संमती खरी संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निर्णयाचे तात्पर्य आहे. संमतिपत्रावर मराठीत सही करणाऱ्यास ‘भरण’ की ‘रोपण’ आणि ‘विरघळणारे’ की ‘न विरघळणारे’, एवढे तरी त्याच पत्रात, त्याच्या भाषेत वाचावयास मिळाले पाहिजे.