गव्हाणीतल्या काड्या

दिवाळीच्या फराळाचे ताट घेऊन शेजारच्या वहिनी दरवर्षी आमच्याकडे येतात आणि ताट रिकामे होईपर्यंत एक प्रश्न हटकून विचारतात, "काय हो, आता तुमचा नाताळ किती दिवसांवर आला?" मीही दरवर्षी तेच उत्तर देते, "नाताळाला अवकाश आहे, पण आमचे वाट पाहणे आता सुरू होईल." वहिनी हसतात. त्यांना वाटते, मी कोडेच घालते आहे. नाताळ म्हणजे २५ डिसेंबर, केक, दारातला तारा आणि मध्यरात्रीची मिस्सा, एवढे त्यांना ठाऊक. त्याच्या आधीचे चार आठवडे आमच्या घरात काय चालते, हे इतक्या वर्षांत मी त्यांना कधी नीट सांगितलेच नाही. यंदा म्हटले, सांगून टाकावे. आणि वहिनींच्या हाती दिवाळीचे चार दिवस दिवाळी अंकच असतो, तेव्हा तो निरोप त्यातूनच धाडावा!

नाताळाच्या आधीचे चार रविवार ज्यात येतात, त्या काळाला आम्ही आगमनकाळ म्हणतो. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान केव्हाही पडतो, म्हणून हा काळ कधी २२ दिवसांचा, तर कधी २८ दिवसांचा. फादर जांभळी वस्त्रे घालतात. रविवारच्या मिस्सेतले गौरवगीत या दिवसांत गात नाहीत. त्याची सुरुवात देवदूतांच्या गाण्याने होते, आणि ते गाणे बाळ जन्मल्यावर गायचे. तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी रंग, अर्धी वाट सरली या आनंदाचा. जुनी माणसे या दिवसांत लग्नाचे नाव काढीत नसत.

फराळाचे म्हणाल तर फारसे काही सांगायला नको. वहिनींची करंजी गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत नेवरी होते. कुलकुल मात्र आमचे खास. पिठाची बोटाएवढी गोळी नव्या कोऱ्या फणीवर दाबायची, गुंडाळायची आणि तळायची. आणि दारातला तारा हा तर आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ. त्याच बांबूच्या कामट्या, तोच पतंगाचा कागद. दिवाळीचा कंदील उतरला की माझे यजमान त्याच्या कामट्या कुणाला फेकू देत नाहीत.

पण मला सांगायचे आहे ते प्रार्थनेविषयी आणि काड्यांविषयी. त्यासाठी वसईला जायला हवे.

माझे माहेर वसईच्या पश्चिम पट्ट्यातले, समुद्र आणि रेल्वे यांच्या मधले. केळीच्या, पानवेलींच्या आणि फुलांच्या वाड्यांचा तो मुलूख. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली, एवढे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. त्या दोनशे वर्षांत जी गावे ख्रिस्ती झाली, ती पुढे पोर्तुगीज गेल्यावरही तशीच राहिली. धर्म नवा, पण शेती, बोली आणि बायकांचे लुगडे जिथले तिथे. माझी आजी लाल लुगडे नेसून देवळात जाई. हो, देवळातच. चर्चला 'देऊळ' म्हणण्याची आमच्याकडची रीत जुनी आहे.

संध्याकाळची देवळाची घंटा झाली की खेळणारी मुले हातपाय धुऊन घरात. मग दिवेलागण आणि जेवणाच्या आधी माळ, म्हणजे रोजरीची प्रार्थना. ओटीच्या भिंतीवर येशू-मरियेच्या तसबिरी, पुढे दिवा. वडील माणसाने अर्धी प्रार्थना म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी. 'नमो मरिया' दहादा म्हटली की एक रहस्य पुरे. अशी पाच रहस्ये. सुरुवातीच्या तीन धरून एका माळेत ५३ वेळा 'नमो मरिया' होते. हा हिशोब मला पाठ होता, कारण जेवायला किती उरले ते त्यावरून कळे! घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, प्रार्थना मात्र पुस्तकी मराठीत. त्यातले निम्मे शब्द आम्हांला कळत नसत. धाकटी मुले तिसऱ्या रहस्याला पेंगू लागत आणि पाठीमागून आईचे बोट टोचले की एकदम मोठ्याने ओरडत. शेवटी मोठ्यांच्या पाया पडून आशीर्वाद घ्यायचा, तेव्हा कुठे ताटे मांडली जात.

देवळातली मिस्सा त्या वेळी लॅटिनमध्ये चाले. फादर आमच्याकडे पाठ करून उभे असत. घर मात्र आधीपासूनच मराठीत प्रार्थना करीत होते, याची मला आज फार गंमत वाटते. रोममध्ये भरलेल्या धर्मसभेने लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली ती ४ डिसेंबर १९६३ रोजी. ऐन आगमनकाळाचा पहिला आठवडा होता तो. आमच्या गावाला अर्थातच त्याची वार्ता नव्हती. आमच्या घरात तर त्या आठवड्यात वेगळेच चालले होते.

मी तेव्हा नऊ वर्षांची. विहीर एक, रहाट एक आणि भाऊ दोन, असा आमच्या घरचा मामला. पाण्याच्या पाळीवरून बाबा आणि मोठे काका यांचे बिनसले. पावसाळा संपता संपता चुली वेगळ्या झाल्या आणि घराच्या मधोमध कूड उभा राहिला. ओटी तेवढी सामाईक राहिली, कारण तिथे आजीची खाट होती.

कूड घातला म्हणून प्रार्थना थांबली नाही, दोन झाल्या. बाबांची माळ आमच्या माजघरात, काकांची पलीकडे. कूड कारवीचा, वरून शेणामातीने सारवलेला. त्यातून शब्दन् शब्द ऐकू येई. आम्ही दुसऱ्या रहस्यात असायचो तेव्हा ते तिसऱ्यात. काका भरभर म्हणत, बाबा सावकाश. बाबा आवाज चढवीत, मग तिकडूनही आवाज चढे. देवाच्या आईची करुणा भाकताना दोन भाऊ एकमेकांवर ओरडताहेत, असे ते ऐकू येई. लहानपणी मला याचे हसू येई. आजी ओटीवर, जिथे कूड संपत होता तिथे, एकटी गुडघे टेकून बसे. ती कुणाबरोबर म्हणत होती, हे मला कळत नसे. दोघांकडे कान ठेवून ती मधल्याच चालीने म्हणे.

त्याच आठवड्यात शाळेतल्या सिस्टरांनी आम्हांला काड्यांची गोष्ट सांगितली. येशूबाळासाठी गव्हाण रिकामी ठेवायची. दिवसात एक चांगले काम केले की संध्याकाळी गवताची एक काडी तीत टाकायची. नाताळाच्या रात्रीपर्यंत जेवढ्या काड्या जमतील, तेवढी बाळाची गादी मऊ. मी घरी येऊन आजीला सांगितले. आजीला ते फार पसंत पडले. "पण गोठा ओटीवर होईल," ती म्हणाली, "आणि काड्या काय पोरांनीच टाकायच्या? थोरांनीही टाकायच्या."

गोठ्यातल्या मातीच्या मूर्ती आजोबांनी आणलेल्या; त्यांची वाटणी झाली नव्हती. कशी व्हायची? योसेफ एकाकडे आणि मरिया दुसऱ्याकडे? गोठ्याची ही प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली जिवंत बैल नि गाढव उभे करून रूढ केली, हे मी पुढे पुस्तकात वाचले. आमचा गोठा पेंढ्याचा. विहिरीच्या काठावरचे शेवाळ काढून त्याची हिरवळ करायची आणि पंधरा दिवस आधी करवंट्यांत नाचणी पेरून तिचे कोंब भोवती मांडायचे. नवरात्रात घटाभोवती धान्य उगवते ना, अगदी तसेच. वाढवायचे काम मुलांचे, आणि कुणाची नाचणी उंच यावर भांडणे.

काड्यांवरूनही लबाड्या झाल्या. काकांच्या मधल्या मुलाने एक काडी मोडून दोन केल्या, ते मी आजीला सांगितले आणि चुगली केली म्हणून माझीच एक काडी आजीने काढून घेतली! थोरांपैकी आई आणि काकी टाकीत, पण एकमेकींच्या नकळत. बाबा आणि काका त्या बाजूला फिरकत नसत.

मग बाबांना हिवताप आला. चार दिवस ते उठले नाहीत. डिसेंबर महिना, केळीला पाणी हवे, आमची पाळी पहाटेची. तिसऱ्या दिवशी पहाटे मी परसात गेले, तर रहाटाची कुरकुर चालू होती. काका आमच्या बाजूचा पाट फोडून पाणी आमच्या वाडीत सोडीत होते. कंदील खाली ठेवलेला, डोक्याला मफलर. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवले नाही की काही बोललेही नाहीत. नुसते दुसरीकडे पाहू लागले. त्या संध्याकाळी मी गव्हाणीत दोन काड्या टाकल्या.

"दुसरी कुणाची?" आजीने विचारले.

"काकांची."

आजीने कशाची म्हणून विचारले नाही. बाबांच्या कानावर ती गोष्ट तिनेच घातली असावी. ते उठून बसले, भिंतीकडे तोंड करून पुष्कळ वेळ बसून राहिले, आणि त्या दिवशी पलीकडची माळ सुरू झाली तेव्हा त्यांनी आपला आवाज चढवला नाही.

सोळा तारखेपासून नाताळाचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू झाली. पापनिवेदनासाठी देवळात रांगा लागल्या. बाबा एका संध्याकाळी गेले, काका दुसऱ्या. कुणी काय सांगितले ते फादर जाणोत.

चोवीस तारखेच्या रात्री सारे गाव कंदील घेऊन निघाले. वाड्यांमधल्या अरुंद वाटा, थंडी, केळीच्या पानांवर दंव, आणि पुढे-मागे ओळीने हलणारे दिवे. मध्यरात्रीच्या मिस्सेत तीन आठवड्यांनी गौरवगीत गायले गेले आणि साऱ्या घंटा एकदम वाजल्या, तेव्हा पेंगणारी आम्ही मुले दचकून उठलो.

घरी परतल्यावर बाळाला गव्हाणीत ठेवायचे. आमच्याकडे हा मान घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाचा. त्या वर्षी सर्वांत धाकटा होता काकांचा तीन वर्षांचा मुलगा, आणि बाळाची मूर्ती होती आमच्या कपाटात. आजी ओटीवर गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "आणा." बाबांनी मूर्ती आणली. काकांनी झोपेने डुलणाऱ्या पोराला पुढे उभे केले. ती मातीची मूर्ती पोराच्या हातून पडेल म्हणून बाबांनी खालून हात धरला आणि काकांनीही धरला. चार मोठ्या हातांतून ते बाळ काड्यांवर निजले.

मग आजीने माळ सुरू केली. आनंदाची रहस्ये, तिसरे रहस्य येशूजन्माचेच. दोन्ही घरे एका ओटीवर होती आणि आजी इतके सावकाश म्हणत होती, की काकांना घाई करता येईना आणि बाबांना मागे राहता येईना.

वहिनी, तुम्हांला वाटेल दुसऱ्या दिवशी कूड पाडला. तसे काही झाले नाही. दोघे त्या रात्री एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. सकाळी काकीने सांदणे पाठवली, आईने कुलकुल. पाण्याच्या पाळीचा वाद पुढे दोन वर्षे चालला. अखेर इंजिन बसले तेव्हा मिटला. कूड तर आजी गेल्यानंतर भिंतच झाला. पण आगमनकाळातली माळ ओटीवर एकत्र म्हणायची हे त्या वर्षापासून ठरून गेले. मिस्सा मराठीत आली, रहाट गेले, वाड्यांच्या जागी इमारती उठल्या. ही रीत मात्र दोघे भाऊ होते तोवर चुकली नाही.

माझ्या मुंबईच्या दोन खोल्यांत ओटी कुठली? टेबलावर गोठा असतो आणि शेजारी हिरव्या पानांचे कडे, त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटवायची. माझ्या लहानपणी हे आमच्या घरी नव्हते. ती चाल मुळात जर्मनीतल्या प्रॉटेस्टंटांची. हाम्बुर्गला अनाथ मुलांचा सांभाळ करणारे विखर्न नावाचे पाद्री होते. नाताळ केव्हा, नाताळ केव्हा, असे मुले विचारून भंडावीत, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीचे चाक टांगून त्यावर दिवस मोजायच्या मेणबत्त्या लावल्या. वाट पाहणारी पोरे सगळीकडे सारखीच!

मुलगा सहा वर्षांपासून टोरांटोला आहे. आगमनकाळाच्या रविवारी आमच्याकडे रात्रीचे साडेआठ होतात तेव्हा त्याच्याकडे सकाळचे दहा. फोन टेबलाला टेकवून आम्ही माळ म्हणतो. काकांचा तो धाकटा मुलगाही वसईहून जोडला जातो. आता त्याचेही केस पिकलेत. पण फोनवर आवाज मागेपुढे होतात. मी अर्धी प्रार्थना म्हणावी, वसईचे उत्तर लगेच यावे, आणि टोरांटोचे आम्ही पुढच्या ओळीवर गेल्यावर. दोघेही मग आवाज चढवतात. यजमान वैतागतात, "धड काही कळत नाही, बंद करा ते." मी बंद करीत नाही. मी सावकाश म्हणू लागते.

शेवटचे आमेन झाले की पडद्यावर नातवाचे तोंड येते. गव्हाण माझ्याकडे, त्यामुळे त्याची काडी मीच टाकायची.

"आजी, आज माझी एक टाक. मी ताईशी भांडलो नाही."

"अरे, तुझे तर आत्ता कुठे दहा वाजलेत," मी म्हणते, आणि काडी मोडून अर्धी टाकते.