तबकातले सोने

सांगलीत गणेश गाडगीळ यांनी सराफीची पेढी सुरू केली ती १८३२ साली. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला आपली गादी आणली १८०१ मध्ये. म्हणजे पेढी उघडली तेव्हा हे गाव राजधानी होऊन जेमतेम तीस वर्षे झाली होती. कृष्णाकाठची काळी जमीन, संस्थानचा दरबार, गणपतीचे देऊळ आणि त्याभोवती वाढत जाणारी पेठ. अशा ठिकाणी सोन्याला गिऱ्हाईक मिळणारच होते. पुढे ‘पु. ना. गाडगीळ’ हे नाव मराठी घरांत सोन्याइतकेच परिचयाचे झाले. दाजीकाका गाडगीळ यांनी १९५८ मध्ये पुण्यात दुकान काढले, तेव्हा या पेढीने सांगलीत सव्वाशे वर्षे पुरी केली होती.

सणाची भेट म्हटली की सातारा-सांगलीकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर आधी ओवाळणीचे तबक येते. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, भाऊबीजेला बहीण भावाला. निरांजन, सुपारी, कुंकू, अक्षता, आणि ओवाळून झाल्यावर त्या तबकात जे पडते ती भेट. शेतकऱ्याच्या घरी ती बहुधा खणाची किंवा लुगड्याची असे. ज्याचे बरे चालले आहे त्याच्या घरी तबकात सोने पडे. हिशेब तोळ्या-मासा-गुंजांचा होता. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा तोळा. गुंजभर सोन्याचा मणीसुद्धा सराफ गुलाबी कागदात नीट घडी घालून देई आणि घरी तो कागद उलगडताना सगळे भोवती जमत. एका पाडव्याला मणी, पुढच्या पाडव्याला आणखी काही मणी, अशी वर्षानुवर्षे भर पडून एखादी बोरमाळ पुरी होई. ठुशी, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, पाटल्या, गोठ, तोडे हे दागिने घरात एकदम आले असे क्वचितच घडे.

धनत्रयोदशीला सोने घेण्याची आजची धांदल मात्र इकडे फार जुनी नाही. त्या दिवशी धने-गूळ, धनाची पूजा आणि यमदीप एवढेच असे. सोनेखरेदीचे दिवस म्हणजे साडेतीन मुहूर्त आणि गुरुपुष्य. गुरुपुष्याला शुद्ध सोन्याचे वेढणे घ्यायचे आणि चार वेढणी साठली की मोडून दागिना घडवायचा, ही पद्धत अजूनही पुष्कळ घरांत आहे. दसऱ्याला तर आपट्याचे पानच सोने म्हणून वाटले जाते. ते द्यायला कुणालाच काही कमी पडत नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या सोन्याची गोष्ट सांगायची तर एका बाईचे नाव आधी घ्यावे लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवणार, हा तिथला दंडक. या मुलांना जेवू घालत होत्या लक्ष्मीबाई पाटील. खात्यापित्या घरातली ही लेक अंगभर सोने घेऊन सासरी आली होती. वसतिगृहात धान्य संपले की एकेक दागिना बाहेर पडू लागला आणि शेवटी मंगळसूत्रही त्याच वाटेने गेले. नवऱ्याचे कार्य म्हणून सोसले, असे सांगून ही गोष्ट उरकली जाते. ते अपुरे आहे. कुणाच्या पोरांना आपल्या सोन्याचे अन्न घालायचे, हे लक्ष्मीबाईंनी स्वतः ठरवले होते. १९३० मध्ये त्या गेल्या. महाराष्ट्रातल्या हजारो कुटुंबांत पहिला शिकलेला माणूस ‘रयत’मधून बाहेर पडला. त्या शिक्षणाच्या पायात कुणाकुणाचे दागिने आहेत, हे मोजायचे तर लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांपासून सुरुवात करावी लागेल.

चैनीला उघड विरोध करणारी चळवळही याच मातीतली. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ पासून सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालवले. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यातच होता. प्रतिसरकारने इंग्रजांच्या सत्तेला आव्हान दिले, सावकारीला चाप लावला, आणि त्याचबरोबर गावोगाव ‘गांधी विवाह’ लावले. हार घालायचे, जमलेल्यांसमोर शपथ घ्यायची, हुंडा नाही, मानपान नाही, जेवणावळी नाहीत. लग्नापायी जमीन गहाण पडते, हे नाना पाटलांना भाषणात सांगावे लागत नव्हते. समोर बसलेल्यांतल्या अनेकांची पडलेलीच होती. स्वातंत्र्यानंतर १ ऑगस्ट १९४९ रोजी साताऱ्याचे दोन जिल्हे झाले. दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. गांधी विवाह मात्र हळूहळू मागे पडले.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. देशाला परकीय चलन हवे होते, सोने हवे होते. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी सभा भरू लागल्या आणि बायका व्यासपीठाशी येऊन हातातल्या बांगड्या उतरवून देऊ लागल्या. संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते यशवंतराव चव्हाण. जन्म देवराष्ट्र्याचा, घर कराडला. आपल्या मुलखातला माणूस सीमेची जबाबदारी घेऊन उभा आहे, ही भावना इथे फार जवळची होती. त्या वर्षीच्या दिवाळीवर युद्धाची छाया होती आणि तबकातल्या सोन्याची वाट पहिल्यांदाच सरकारी तिजोरीकडे वळली होती.

त्यानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी घातली. हिशेब असा की सोने हलक्या कसाचे झाले की लोकांची ओढ कमी होईल. ती कमी झाली नाही. हातोडी खाली पडली ती सोनाराची. बावीस कॅरेटचे सोने मऊ, त्याची तार ओढावी तशी ओढली जाते, ठुशीचे बारीक मणी त्यातून निगुतीने होतात. चौदा कॅरेट म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोने, बाकी तांबे-चांदी. रंग फिका, काम कठीण, आणि गिऱ्हाइकाचा त्यावर विश्वास नाही. देशभर लाखो सोनार बेकार झाले, काहींनी जीव दिला. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ च्या कायद्याने परवाने, नोंदवह्या आणि तपासण्या कायम केल्या. घरात चार किलोच्या वर दागिने असतील तर सरकारला कळवायचे. लगड किंवा बिस्किट तर सामान्य माणसाने बाळगायचेच नाही. तस्करीला बरकत आली ती याच काळात. हा कायदा रद्द झाला १९९० मध्ये आणि तो रद्द करणारे अर्थमंत्री होते मधू दंडवते. साध्या राहणीच्या या समाजवादी नेत्याला सोन्याचा सोस नव्हता. पण जो कायदा पाळला जात नाही आणि गरीब कारागिराला तेवढा छळतो, तो ठेवण्यात अर्थ नाही, हे ओळखून त्यांनी तो काढला.

आता ज्यांच्या हातून हे सोने शुद्ध होते, त्यांच्याकडे वळायला हवे. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगावचा पूर्व भाग आणि साताऱ्यातले खटाव-माण. पाऊस कमी, माळ फार. इथली कर्ती पोरे पिढ्यान्‌पिढ्या गाव सोडून जात राहिली आणि त्यांच्यातल्या फार मोठ्या संख्येने एकच धंदा धरला, गलाईचा. जुने सोने गाळून शुद्ध करायचे. कोइमतूर, चेन्नई, केरळ, हैदराबाद, कोलकाता, दिल्ली, थेट नेपाळपर्यंत, जिथे सराफ बाजार आहे तिथल्या मागच्या बोळात गलाईची भट्टी असते आणि भट्टीशी बसलेला माणूस बहुधा विट्याकडचा मराठी बोलतो.

काम असे चालते. मोडीला आलेला दागिना आधी वजनाला लावायचा. मग मुशीत घालून भट्टीत वितळवायचा, वर टाकणखार टाकायचा, म्हणजे मळ सुटून वर येतो. त्यात चांदी मिसळायची, इतकी की एकूण वजनात सोने साधारण चौथा हिस्सा राहील. सोने जास्त राहिले तर तेजाब आतपर्यंत पोहोचत नाही. वितळलेला रस पाण्यात ओतला की त्याचे दाणे होतात. हे दाणे तेजाबात उकळायला ठेवले की तांबूस-पिवळा धूर निघतो, चांदी आणि तांबे विरघळून जाते आणि तळाशी उरतो तपकिरी गाळ. पाहणाऱ्याला माती वाटावी असा तो गाळ म्हणजेच निखळ सोने. तो धुवायचा, वाळवायचा, पुन्हा मुशीत घालायचा. आणि मग पहिल्यांदा तो ओळखीचा पिवळा रंग दिसतो. तेजाबातली चांदी तांब्याची पट्टी सोडून परत मिळवायची. गुंजभरही वाया जाऊ द्यायचे नाही. पण तो तांबूस धूर छातीत जातो, आणि बोळातल्या लहान खोलीत तो वर्षानुवर्षे जात राहतो. देशभरच्या दिवाळीला चकाकणाऱ्या दागिन्यांत या श्वासांची किंमत मिळवलेली आहे. दागिन्यांच्या जाहिरातीत ती कुठे दिसत नाही.

ही माणसे सणाला गावी येतात. विट्याचा दसरा पालख्यांच्या शर्यतीसाठी नावाजलेला आहे आणि त्या गर्दीत दक्षिणेतल्या गाड्यांचे नंबर सहज नजरेत भरतात. गलाईच्या पैशातून या माळावर बंगले उभे राहिले, देवळांचे जीर्णोद्धार झाले, शाळांना खोल्या मिळाल्या. घरातल्या बायकांच्या अंगावर सोनेही आले. त्याला उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या गावात विहिरीला पाणी नव्हते, तिथली जमीन बँक तारणही घेत नव्हती; सोने मात्र कुठल्याही गावात, कुठल्याही वारी मोडता येत होते.

कृष्णाकाठची तऱ्हा वेगळी. तिथे दिवाळीचा थाट ठरतो साखर कारखान्यावर. सभासदाला सवलतीच्या दराची साखर मिळाली की फराळाला लागायचे, आणि उसाचा शेवटचा हप्ता दिवाळीला जमा झाला की बाजाराला. हप्ता किती निघणार ही चर्चा सराफही शेतकऱ्याइतक्याच उत्सुकतेने ऐकतो. तासगाव-सांगलीच्या बेदाण्याचेही असेच गणित. देशभर वाटल्या जाणाऱ्या सुक्या मेव्याच्या चकचकीत खोक्यांत एक कप्पा बेदाण्याचा असतोच आणि तो माल बऱ्याचदा इथल्या शेडवरचा असतो. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दिवाळीच्या सुमाराला इथले सौदे काही आठवडे बंद ठेवतात. ‘झिरो पेमेंट’ करायचे, म्हणजे व्यापाऱ्यांनी एकमेकांची आणि शेतकऱ्यांची सगळी देणी चुकती करायची. सणाआधी हात मोकळे करण्याची ही शिस्त कौतुकाची आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती कोणत्याही भेटीपेक्षा मोठी.

ज्यांना ऊस नाही, द्राक्षबाग नाही, त्यांची दिवाळी भिशीवर. गल्लीतल्या दहा-वीस बायका आठवड्याला ठरावीक रक्कम टाकतात आणि दिवाळीच्या तोंडावर भिशी फुटते. सराफांनी याच कल्पनेवरून अकरा हप्ते गिऱ्हाइकाने भरायचे आणि बारावा दुकानाने घालायचा, अशा योजना काढल्या. गुलाबी कागदाच्या जागी मखमली डब्या आल्या, पेढीच्या जागी वातानुकूलित दालने. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. कसाच्या बाबतीत फसवणूक कमी झाली, हा मोठाच फायदा. पूर्वी खेड्यातल्या बाईला विश्वासाखेरीज दुसरी कसोटी नव्हती.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगलीची पेठ बुडवली. दिवाळी अडीच महिन्यांवर होती. त्या वर्षी पुष्कळ घरांतून सोने बाजारात गेले ते घर उभे करण्यासाठी.

माण-आटपाडीकडच्या माणदेशात दुष्काळात हेच घडते. म्हसवडला चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक काढली. सभासद बायकांचे अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता. बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि तोंडी व्याज काढून दाखवतो म्हणाल्या. परवाना मिळाला. पुढे एका दुष्काळात या बँकेत एक शेतकरी बाई दागिने गहाण ठेवायला आली. जनावरांना चारा-पाणी आणायचे होते. बँक कर्ज देईल, पण त्या पैशाने घ्यायला चारा आहे कुठे, असा तिचा सवाल होता. त्यातून म्हसवडला चारा छावणी उभी राहिली आणि हजारो जनावरे जगली. तिकडे टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा सिंचन योजनांचे पाणी एकेका गावात पोहोचू लागले. आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींनी हयातभर मागितले ते हेच. पाणी आले त्या गावांत डाळिंबाच्या बागा दिसू लागल्या आणि पाडव्याच्या खरेदीला सराफाकडे नवी गिऱ्हाइके.

१९९० मध्ये दहा ग्रॅम सोने साडेतीन हजारांच्या आत मिळत होते. एप्रिल २०२५ मध्ये भावाने लाखाचा टप्पा गाठला आणि त्याच वर्षीच्या धनत्रयोदशीला तो सव्वा लाखाच्या पुढे होता. अर्ध्या ग्रॅमची नाणी खपत आहेत, ‘एक ग्रॅम’ म्हणून ओळखले जाणारे मुलाम्याचे दागिने लग्नातही चालून जात आहेत, आणि नवे घेण्यापेक्षा जुने मोडून नवे घडवणारे वाढले आहेत. ती मोड गलाईच्या भट्टीत येते. सातारा, कराड, विटा, सांगली, कुठेही बाजारपेठेतून चालत गेले की सोनेतारण कर्जाच्या पाट्या एकामागून एक लागतात. १९९० च्या पाडव्याला नवऱ्याने दिलेला तोळाभराचा दागिना जिने आजवर मोडला नाही, तिला आज त्यावर मिळणाऱ्या कर्जातून नातीची कॉलेजची फी भरता येते.