धसईचा तांदूळ कोणत्या शब्दाने सापडावा?

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीला जेमतेम महिना होत असताना, राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून गाजले. स्वातंत्र्यवीर सावरकर प्रतिष्ठान आणि बँक ऑफ बडोदा यांच्या पुढाकाराने तेथील दुकानांत कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे आली आणि ‘कॅशलेस’ हे विशेषण गावाच्या नावाला चिकटले. या प्रसिद्धीचा धसईच्या तांदूळविक्रीला मात्र फारसा उपयोग नाही, कारण ‘कॅशलेस धसई’ असे शोधणाऱ्याला जुनी बातमी हवी असते, तांदूळ नव्हे. येथील व्यापाऱ्यांनी किंवा बचतगटांनी संकेतस्थळ उभारायचे ठरवले, तर त्याच्या कोणत्या पानावर कोणते शब्द योजावेत, हा विचार याच फरकापासून सुरू करावा लागतो.

शोधपट्टीत माणूस जो शब्द किंवा शब्दसमूह टंकतो त्याला या व्यवसायात ‘कीवर्ड’ म्हणतात, आणि त्याच्यामागे दडलेल्या गरजेला शोधहेतू. आंद्रेई ब्रोडर या संगणकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये अशा शोधांचे तीन वर्ग पाडले: ठरावीक स्थळी पोहोचण्यासाठी केलेला, माहितीसाठी केलेला आणि काही व्यवहार उरकण्यासाठी केलेला. ही विभागणी ढोबळ असली तरी पाने वेगळी करण्यास अजूनही तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही.

भाताचेच उदाहरण घेतले तर ती लगेच कळते. मुरबाड-शहापुरात भात म्हणजे शेतातले पीक आणि त्याचे टरफलासकट धान्य, तर मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरात भात म्हणजे शिजवलेले अन्न. त्यामुळे नुसत्या ‘भात’ या शब्दावर पान उभे केले तर त्याची गाठ मसालेभाताच्या पाककृतींशी पडते. शहरी गिऱ्हाइकासाठीच्या पानावर ‘तांदूळ’, ‘गावठी तांदूळ घरपोच’ असे शब्द हवेत, आणि शेतकऱ्यासाठीच्या पानावर ‘भात खरेदी केंद्र’, ‘भात हमीभाव’ असे, कारण आदिवासी भागात आधारभूत किमतीने होणारी खरेदी आदिवासी विकास महामंडळामार्फत होते आणि शेतकरी तिची चौकशी याच शब्दांत करतो. पीक एकच असले तरी विचारणारे दोन आहेत, म्हणून पानेही दोन.

याच्या उलट प्रकार धसई परिसरातील सोनावळे येथील लेण्यांचा आहे. कोणी त्यांना ‘सोनावळे लेणी’ म्हणतो, तर गिर्यारोहक ‘गणपती गडद’ या नावाने शोधतात. येथे नावे दोन असली तरी हेतू एकच असल्याने दोन्ही नावे एकाच पानावर, एक शीर्षकात आणि दुसरे पहिल्या परिच्छेदात, नांदली पाहिजेत. नावागणिक पान काढले की एकाच संकेतस्थळाची दोन पाने परस्परांशी स्पर्धा करू लागतात, शोधयंत्राला त्यांतले मुख्य कोणते हे ठरवता येत नाही आणि बहुधा दोन्ही मागे पडतात.

‘माळशेज घाट’ किंवा ‘नाणेघाट’ यांसारख्या लोकप्रिय शब्दांचा मोह आवरणे अधिक अवघड असते. त्या शब्दांवर प्रवासकंपन्यांची आणि वृत्तपत्रांची गर्दी आधीच झालेली असल्याने नव्या, लहान संकेतस्थळाला तेथे जागा मिळण्याची आशा थोडी. संगणकशास्त्रज्ञ केरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेले तत्त्व असे की, जो शब्द जितक्या कमी मजकुरांत आढळतो तितका तो मजकूर वेगळा ओळखण्यास अधिक उपयोगी ठरतो. आजची शोधयंत्रे त्यापुढे पुष्कळ गेली असली तरी धसईच्या बाबतीत हे तत्त्व व्यवहारात खरेच आहे. ‘धसईहून सोनावळे लेणी कसे जावे’ हा शोध फार थोडे लोक घेतील, पण घेणारा निघण्याच्या तयारीत असतो.

गावाच्या नावाबाबतही सावधगिरी बाळगावी लागते. धसई शहापूर तालुक्यातही आहे आणि मुरबाड तालुक्यातही, तर शहापूर हे नाव बेळगावात आणि यादगीर जिल्ह्यातही आढळते. म्हणून प्रत्येक पानावर गावासोबत तालुका आणि जिल्हा पूर्ण लिहिणे हा उपचार नसून ओळखीची खूण असते. मराठी माणूस पुष्कळदा रोमन अक्षरांत टंकतो, तेव्हा स्थळनामाचे प्रचलित रोमन रूपही पानावर एकदा तरी यावे.

शब्द निवडण्यासाठी गूगलची कीवर्ड प्लॅनर आणि ट्रेंड्स ही साधने आहेत, परंतु ग्रामीण शब्दांपुढे ती अनेकदा शून्य किंवा रिकामी जागा दाखवतात. त्याचा अर्थ कोणी विचारत नाही असा नसून मोजण्याइतके विचारत नाहीत एवढाच असतो. त्यापेक्षा संकेतस्थळ सुरू झाल्यावर सर्च कन्सोल हे मोफत साधन अधिक विश्वासाचे, कारण कोणत्या शब्दांवर पान दिसले आणि किती जणांनी ते उघडले हे त्यात कळते. पानाच्या मागच्या संकेतावलीत शब्दांची जंत्री भरून ठेवण्याची जुनी खटपट मात्र व्यर्थ आहे. क्रमवारीसाठी ती जंत्री विचारात घेतली जात नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले.

राहता राहिला ‘वाडा कोलम’ हा तांदळाचा प्रकार. मागणी मोठी, म्हणून हे नाव धसईच्या तांदळाच्या पानावर घालण्याचा सल्ला कोणी देईलच. पण वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून मानांकनाच्या क्षेत्राबाहेरचा तांदूळ त्या नावाने विकता येत नाही. गिऱ्हाईक आणणारा असला तरी हा शब्द धसईच्या पानावर वापरू नये.